दवाखान्यातला नवा स्क्रीन

मंगळवार, संध्याकाळ

घशाच्या ऑपरेशनमध्ये यांचा आवाज गेला, तेव्हापासून सदाशिव पेठेतला दवाखाना बंद. दारात येऊन पेशंटचं नाव घ्यायचं आणि ‘यावं’ म्हणायचं, ही तीस वर्षांची रीत. आता बोलावणार कसं, म्हणून हे दवाखाना कायमचाच बंद करायला निघाले होते. शेवटी मी बाहेरच्या खोलीत स्क्रीन लावून घेतला. आधीच का नाही सुचलं मला?

स्क्रीनवर अक्षरं दाखवणारं प्लेअर ॲपही दुपारी मीच टाकलं. स्क्रीनवर एक कोड आला, तो मोबाइलवर भरला आणि दोघांचं जमलं. पण ॲपमध्ये नुसते टोकन नंबर. यांनी वहीत लिहून दाखवलं, ‘मी माणसांना नंबरानं बोलावत नाही.’ मग मीच बसले एकेक नाव टाइप करत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, मराठी टाइप करायला किती वेळ. शिवाय प्रत्येक नावापुढे ‘यावं’ हवंच. आवाज गेला, हट्ट कुठला जायला.

पाच वाजता पहिल्याच सबनीसबाई. त्यांना स्क्रीनचं काही सांगितलं नव्हतं. कळेल का त्यांना, ही माझी धाकधूक. यांनी आतून मोबाइलवरचं बटण दाबलं आणि अक्षरं उमटली, ‘सबनीसबाई, यावं.’

बाई पिशवी सावरत स्क्रीनलाच म्हणाल्या, "आले हो डॉक्टर, गुडघे उठू देतील तर."

आत हे हसले. आवाज नाही, पण खांदे हलताना दिसले मला.

आत्ताच वही माझ्याकडे सरकवली आहे. ‘उद्या सकाळचीही नावं घाल.’