रेडकाला घातलेलं पीठ

सुनयना पोरी,

वनरक्षकाच्या भरतीत धावताना तू पडलीस, आणि मी सगळ्यांदेखत तुला आळशी म्हटलं. मग दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन वर्सांत पोटाला कमी पडलं की स्नायू नीट भरत न्हाईत, पुढं खाऊनबी उणं ऱ्हातं. तेव्हा हिला काय घालत होता, असं त्यांनी विचारलं. मी पेज म्हटलं. अंगणवाडीतनं तुझ्यासाठी मिळायचं ते पीठ मी आई मेलेल्या रेडकाला घातलं, हे तुझ्यासमोर बोलवलं न्हाई. पुढं भातखाचरात चिखलणीला, औत ओढायला तेच रेडकू लागणार व्हतं. लोक त्याची मान बघून मला शाबासकी द्यायचे, आणि मी फुलायचे.

तू दोन वर्सांची झालीस तरी उभी ऱ्हात नव्हतीस. शेवटी उभी राहिलीस, ती त्याच रेडकाची शेपटी धरून.

हा कागद तुझ्या हातात द्यायला तोंड न्हाई.

तुझी आई,
रुक्मिणी