कादू धावत नाही

५ डिसेंबर, शुक्रवार

कादू शर्यतीत मधेच खाली बसली!

बालवाडीचा क्रीडादिन होता. सलिलला आणि सूनबाईला, नीरजाला, रजा मिळाली नाही, म्हणजे आजोबांनी जायचं. तसाही तिला रोज शाळेत सोडणारा-आणणारा मीच. टोपलीतला चेंडू उचलून परत यायचं, एवढीच शर्यत. शिट्टी वाजली तशी पोरं सुटली. एक जण तर उलट्या बाजूला पळत सुटला. आमची कादंबरी चालत निघाली. चालत! अर्ध्यावर पोचली, इकडेतिकडे पाहिलं आणि मांडी घालून बसली. लोक हसले. मीही हसलो.

नंतर शुभदा टीचरनी बाजूला घेतलं. "आजोबा, राग मानू नका, पण ती रोजच अशी. घसरगुंडीवर चढत नाही. जिन्यात एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवते. खालून उठताना गुडघ्यावर हात रेटून उठते. चार वर्षांची मुलं अशी उठत नाहीत हो. डॉक्टरांना दाखवाच."

घरी येताना कादूने माझं बोट सोडलं नाही. "आबा, मी दमले."

अर्ध्या शर्यतीत!

६ डिसेंबर, शनिवार

दोघांना सांगितलं. सलिल म्हणाला, मोबाइल. "बाबा, तुम्ही जेवताना तिला मोबाइल देता."

देतो. नाही दिला तर ताट तसंच राहतं. आणि ती उठून पळाली तर तिच्यामागे घास घेऊन कोण पळणार? तिची आजी, शुभांगी, असती तर पळाली असती. ती गेली तेव्हा कादू पाळण्यात होती.

 नीरजाने फोनवर आधीच काहीतरी शोधलं होतं. झोपायला जाताना एका आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंचा आजार. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

७ डिसेंबर, रविवार

तिला खाली खेळायला न्यायचं ठरवलं. पण खाली म्हणजे कुठे? सोसायटीच्या अंगणात मोटारी. मोटारींच्या मधे स्कूटर. भिंतीवर पाटी — मुलांनी येथे खेळू नये. फाटकाबाहेर गल्ली आणि रिक्षा. मागच्या दिवाळीत कादू माझा हात सोडून पळाली होती, तेव्हा रिक्षावाल्याने अगदी तिच्या पायाशी ब्रेक मारला. मला तिच्यापर्यंत पोचता आलं नाही. गुडघे! तेव्हापासून हात सोडत नाही.

पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसलो. तीच म्हणाली, "आबा, बसूया?"

विमलाबाई भेटल्या, आमच्या खालच्या मजल्यावरच्या. "किती गुणी हो तुमची नात! घरात आहे की नाही, कळतसुद्धा नाही." पूर्वी याच बाई वर येऊन दार ठोठावायच्या — "डोक्यावर नुसती धाडधाड चालते तुमच्या नातीची!" आम्ही जाड सतरंजी अंथरली, तिला दटावलं, बसवलं. आता कौतुक.

९ डिसेंबर, मंगळवार

डोंबिवलीतले आमचे बालरोगतज्ज्ञ. तिला जमिनीवर बसवलं. "ऊठ बघू, बाळा." ती उठली — आधी गुडघ्यावर हात, मग कंबर, मग सरळ. त्यांनी पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. चेहरा बदलला त्यांचा. पोटऱ्या दाबून पाहिल्या. "घाबरण्यासारखं नाही. पण ठाण्यात एक मॅडम आहेत, मुलांच्या मेंदू-स्नायूंचं बघतात. चिठ्ठी देतो."

घाबरण्यासारखं नाही, हे ते फार वेळा म्हणाले.

११ डिसेंबर, गुरुवार

ठाण्याला जाऊन आलो. रक्त घेतलं. कादू रडली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आबा, तुला पण टोचतात?" म्हटलं, हो. "मग तू काय करतोस?" म्हटलं, गप्प बसतो. ती गप्प बसली.

रिपोर्ट मंगळवारी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नीरजा कादूला आंघोळ घालताना नळ जोरात सोडते. तरी ऐकू येतं.

१४ डिसेंबर, रविवार

 सलिलने घरातला टीव्हीच बंद करून टाकला. कादूने कारण विचारलं नाही. भातुकलीची भांडीकुंडी मांडून बसून राहिली.

मी देवाधर्मातला माणूस नाही. आज आंघोळीनंतर देवापुढे उभा राहिलो. मागता येईना. एवढंच म्हटलं — माझे गुडघे घेतलेस, तिचे राहू दे.

१६ डिसेंबर, मंगळवार

रिपोर्ट चांगला आला!

आणि तरीही हे काय लिहायची वेळ आली माझ्यावर.

मॅडमनी आधी सलिल-नीरजाला आत बोलावलं. मी आणि कादू बाहेर बाकावर. मग आतून हाक आली, "आजोबांनाही येऊ दे." मी उठलो. नेहमीसारखा — गुडघ्यावर हात, "आई गं" म्हणत. दार उघडंच होतं. मॅडम पाहत होत्या. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. मी वळून पाहिलं. कादू उठत होती. गुडघ्यावर हात. "आई गं."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आजोबा, जरा परत बसता? आणि उठून दाखवता?"

बसलो. ती बसली. उठलो. ती उठली. मग आत चालत गेलो, डावा पाय किंचित ओढत — तीही ओढत!

"दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

"बाबाच," नीरजा म्हणाली.

"दुसरी मुलं?"

नीरजाने सलिलकडे पाहिलं.

मॅडम हसल्या. चांगल्या आहेत बाई. "रक्त उत्तम आहे, ताकदही आहे. आजार कसलाच नाही. माणूस असं चालतं, असं उठतं, असंच तिला वाटतंय. मुलं पाहून शिकतात. हिला मुलांत सोडा. धावू दे, पडू दे."

नीरजा हसता हसता रडायला लागली. सलिलने कादूला उचलून गरगर फिरवलं. मीही हसलो असेन. खुर्चीचा हात घट्ट धरून उभा होतो, एवढं आठवतं.

१७ डिसेंबर, बुधवार

मीच आजार.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज दिवसभर तिच्याकडे पाहत होतो. बसताना उसासा टाकते. खिडकीशी उभी राहते तेव्हा कंबरेवर हात. चहा नसतो, पण कपातलं दूध फुंकर मारून पिते, माझ्यासारखं. हे सगळं मला गोड वाटायचं! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो — बघा, अगदी माझी नक्कल करते.

ताठ चालून पाहिलं. चार पावलांत कळ डोक्यात गेली. कादू म्हणाली, "आबा, हळू. पडशील."

माझंच वाक्य.

२१ डिसेंबर, रविवार

नीरजाच्या ऑफिसजवळ, ठाण्यात बाळकुमला, भाड्याचं घर बघितलंय त्यांनी. इमारतीला आत मैदान आहे, खाली पाळणाघर, पोरंच पोरं. नीरजा म्हणाली, "बाबा, तुमची खोली पण आहे. खिडकीतून झाडं दिसतात."

म्हटलं, मी नाही येणार.

सलिल चिडला. "बाबा, तुम्हाला कोणी दोष देतंय का?"

"कोणी देत नाही रे. तेच तर."

"मग?"

म्हटलं, इथे माझं वाचनालय आहे, ओळखीची माणसं आहेत, या वयात घर बदलणं होत नाही. काय वाटेल ते बोललो. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला उचलूनच नेलं असतं. मी तिथे खिडकीत बसलो, तर ती माझ्याजवळ येऊन बसेल. मुलं खाली ओरडत असतील आणि ही माझं बोट धरून वर. मला ओळखून आहे मी. "खाली जा" असं एकदा म्हणेन, मग ती बिलगली की विरघळेन.

नीरजाला कळलं असावं. तिने पुन्हा आग्रह केला नाही. पोळ्या लाटताना तिची पाठ हलत होती.

४ जानेवारी, रविवार

गेले.

टेम्पोत सामान चढत असताना कादू कट्ट्यावर माझ्याजवळ बसून होती. "आबा, तू मागून येणारेस ना?" म्हटलं, येईन. मोटार वळेपर्यंत काचेला हात लावून होती.

वर आलो. सतरंजी गुंडाळून ठेवली. आता कोणासाठी?

१० जानेवारी, शनिवार

शाळा सुटायच्या वेळेला चपला घालून जिन्यापर्यंत गेलो. मग आठवलं.

१८ जानेवारी, रविवार

व्हिडिओ कॉल. कादू सोफ्यावर. नीरजा म्हणाली, पाळणाघरात अजून एकटीच कोपऱ्यात बसते. बाकीची खेळतात, ही बघते. मग सगळं फुकटच गेलं का? तिकडे ती एकटी, इकडे मी.

"आबा, तू कधी येणार?"

मी म्हटलं, गुडघे बरे झाले की.

"मी पण," ती म्हणाली.

 जेवण केलं नाही. एका मुलीला जन्मभराचं म्हातारपण देऊन ठेवलं मी.

२६ जानेवारी, सोमवार

सोसायटीत झेंडावंदन. गेलो नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सलिलने विचारलं, तिला घेऊन येऊ का भेटायला? नको म्हटलं. फार जड गेलं. आवाज नीट ठेवला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नीरजाचा फोन. घाबरलेला आवाज. "बाबा, कादूचा हात मोडला. मनगटापाशी. प्लास्टर घातलंय, काळजी करू नका."

"कशी पडली?"

"मैदानात. पकडापकडीत हिच्यावर राज्य होतं. सगळ्यांना पळवत होती म्हणे, पाय अडकला —"

"धावत होती?"

"हो बाबा." मग तीच थांबली. "धावत होती!"

खाली जाऊन पेढे आणले. विमलाबाईंच्या हातावर ठेवले. "कसले हो?"

म्हटलं, "नातीचा हात मोडला!"