क्लबातला जुना कॉम्प्युटर कोणी चालू करू नये म्हणून

प्रति,
मा. जिल्हा सांस्कृतिक अधिकारी साहेब,
जिल्हा कचेरी.

अर्जदार: आयझीरेक तुर्दुबेक क्यिझी, वय १७, मु. बोझ-कुंगोय. शाळा नववीत सोडली.

विषय: जुना कॉम्प्युटर सोमवारी गुरांच्या दवाखान्याला देऊ नये, तोवर त्याचं बटणही कोणी दाबू नये, याबाबत.

संदर्भ: क्लबप्रमुख मीरगुल एजे यांची माझ्यावरची वायरचोरीची तक्रार.

महोदय,

१. कॉम्प्युटरची वायर मीच नेली. चोरली नाही, काढून घेतली. का, ते खाली लिहिते. मधे वाचायचं सोडू नका.

२. वसंत ऋतूपासून मी गावच्या सांस्कृतिक क्लबात काम करते. गेल्या महिन्यात नवी डिस्क आली. मीरगुल एजे म्हणाल्या, "जुन्या मशीनवरचं सगळं हिच्यावर उतरवायचंय, पण आधी कचरा काढ. एकच गोष्ट दहा-दहादा असेल ती उडव. तोक्तोसुनने मरेपर्यंत नुसता ढीग करून ठेवलाय." तोक्तोसुन बायके हे आधीचे प्रमुख.

३. त्या ढिगात आवाजाच्या त्रेसष्ट फाइली होत्या. नावं नाहीत, नुसते आकडे. मी प्रत्येक फाइल अर्धा मिनिट ऐकली. सगळीकडे तेच, बाया रडतायत आणि "माझ्या डोंगराचा कडा कोसळला" म्हणतायत. मला वाटलं, म्हाताऱ्याने एकच गाणं त्रेसष्टदा भरलंय. एक ठेवली, बासष्ट उडवल्या, कचरापेटीही रिकामी केली. मग उरलेलं नव्या डिस्कवर उतरवलं. एजे म्हणाल्या, "शाब्बास! बघ किती जागा झाली."

४. माणूस गेला की आपल्या बायका युर्तीच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून कोशोक गातात आणि सगळ्यांच्या कोशोकची सुरुवात सारखीच असते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. लहानपणापासून ऐकतेय. मेलेल्याचं नाव, त्याचा घोडा, त्याच्या खोडी, हे सगळं पुढे येतं. तिथवर मी थांबलेच नाही. मला कुठेच थांबवत नाही.

५. मग म्हाताऱ्या काल्यिपा अपा डोंगरावरच्या कुरणावरून खाली उतरल्या आणि थेट क्लबात आल्या. दरवर्षी येतात म्हणे. अपांच्या नवऱ्याच्या मयताला त्यांची लेक नाझगुल गायली होती, ते तोक्तोसुन बायकेंनी भरून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी ती मॉस्कोला कामाला गेली आणि तिथल्या एका आगीत गेली. पेटी आली ती बंदच. अपा मला म्हणाल्या, "पोरी, सत्तेचाळीस नंबर लाव. शब्द नकोत मला, शब्द सगळ्यांचेच असतात. मधे ती खोकते ना, तिथून लाव."

मी म्हटलं, "मशीन बिघडलंय, अपा."

"मग बसते की. घरी कोण वाट बघतंय?"

तेव्हापासून रोज येतात. माझ्यासाठी तळलेले बोर्सोक आणतात. मी एकही खात नाही.

६. बाजारातला दुरुस्तीवाला म्हणाला, "पुसलेलं लगेच जात नाही. वर नवं लिहिलं की जातं. मशीन बंद ठेव, शहरातला जाणकार माणूस आला तर परत काढेलही." मी धावत आले तर एजे त्याच मशीनवर गुरांच्या दवाखान्यासाठी मेंढ्यांच्या लशींची यादी लिहीत बसलेल्या. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "शाळेने हाकललेली मला शिकवतेय! रडगाणी कोणाला हवीत? गेलेली माणसं उठून येणारेत का?" मी वायर उपटली. शिवी दिली, तेही खरं. शिवीची माफी मागते, वायरीची नाही.

७. तरी विनंती, की शहरातला जाणकार पाठवावा. तो येईपर्यंत मशीनला कोणी हात लावू नये. मला कामावरून काढायचं तर काढा, चौकीत बसवायचं तर बसवा, पण आधी माणूस पाठवा.

८. आणि सत्तेचाळीस नंबर निघालाच नाही, तर अजून एक विनंती आहे. आपल्यात मरणाची बातमी कोणी एकट्याने सांगत नाही. चार वडीलधारे घरी जातात, चहा घेतात, मेंढरांचं, बर्फाचं बोलतात, मग त्यांतला मोठा तोंड उघडतो. ही बातमी घेऊन अपांकडे यायला गावातलं कोणी तयार नाही. मी तिघांना विचारलं. "मशीनचं कसलं सुतक?" म्हणून हसले. साहेब, आपण याल का? बोलायचं ते मी बोलेन. पण एकटीने त्यांचं दार मला उघडवत नाही.

आपल्या होकाराची वाट बघणारी,
आयझीरेक

बोझ-कुंगोय, १४ नोव्हेंबर