तळ्याभोवतीची शर्यत आणि देशाची अर्थव्यवस्था

२ जानेवारी
साहेबांपुढे योजना मांडली. तळ्याभोवती धावण्याची शर्यत! बाहेरगावचे लोक येणार, राहणार, खाणार, बँड ऐकणार, झाडं बघणार. क्रीडा, संस्कृती, पर्यावरण : देशाच्या अर्थव्यवस्थेचे तीन पाय. साहेब म्हणाले, टेबलाला चार लागतात. स्टुलाला तीन पुरतात, हे आख्ख्या पर्यटन खात्यात मला एकट्यालाच माहीत दिसतं. तरी परवानगी मिळाली. बहुतेक त्यांना जेवायला जायचं होतं.

५ जानेवारी, पहाट
मी स्वतःही धावणार. आजपासून सराव.

५ जानेवारी, सकाळ
थंडी फार. उद्यापासून.

१९ जानेवारी
पलीकडच्या गावचा पर्यटन अधिकारी भेटला. कॉलेजात आम्ही त्याला गबाळ्या म्हणायचो. अजूनही शर्ट खोचत नाही. काही मदत हवी का, म्हणे! म्हटलं, तू आपलं गाव सांभाळ. त्याच्या गावात आहे काय? एक नदी, एक लॉज आणि हा.

४ फेब्रुवारी
नवे बूट चावतात. सराव सोमवारपासून. रस्ता दाखवणारे बाण प्लास्टिकचे नकोत. कागदाचे करायचे, पिठाच्या खळीने झाडांना चिकटवायचे. याला म्हणतात पर्यावरण! ही म्हणाली, अहो, तिकडे बकऱ्या चरतात, खळ लावलेला कागद ठेवतील होय त्या? इतकी वर्षं माझ्याशी संसार करून काही शिकली नाही. वर शर्यतीत नाव नोंदवून आली. रोज धावतेही. मी हसू आवरलं.

१ मार्च, दुपार
शर्यत झाली. म्हणजे सुरू झाली. पुष्कळ लोक आले होते. पहिल्या वळणापर्यंत मी बराच पुढे होतो, कारण निघायचा इशारा मीच दिला आणि आधी मीच सुटलो. मग बुटांनी दगा दिला. ऑफिसच्या गाडीने शेवटच्या रेषेवर जाऊन उभा राहिलो. हातात भाषण. बँड वाजतोय, वाजतोय. कोणी येईना. अखेर एक बकरी आली. तोंडात अर्धा बाण.

१ मार्च, संध्याकाळ
हिचा फोन. बाण न दिसल्याने सगळे सरळ धावत गेले ते थेट गबाळ्याच्या गावात. त्याने पाणी दिलं, पायांना मलम दिलं, लॉज उघडला, नदीकाठी गाणारे बसवले. लोक मुक्काम करताहेत. हीसुद्धा! फोनवर खळखळून हसत होती. असं हसताना हिला कधी ऐकलं होतं, आठवेना. लाइन खराब असावी.

२० मार्च
पुढची शर्यत गबाळ्याच्या गावी. साहेबांनी वरही तसंच कळवलं. मूळ कल्पना कुणाची, हे सगळे जाणून आहेत. मला संकोच वाटू नये म्हणून बोलत नाहीत.

११ एप्रिल
ही मैत्रिणींबरोबर तिकडेच गेली, नदी बघायला. मलाही चला म्हणाली होती. म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. दुपारी फोन करून विचारलं, माझ्या जेवणाचं काय? म्हणाली, हॉटेलातून मागवा, तेवढाच अर्थव्यवस्थेला हातभार.

हॉटेलवर गेलो. कुलूप. शेजारचा न्हावी म्हणाला, मालकाने नदीकाठी नवं हॉटेल टाकलं, तिकडे गर्दी आवरत नाही.

घरी येऊन बिस्किटं खाल्ली. मऊ पडली होती.