बाहेर निघालेल्या शिंगाची काचपट्टी

माझे जुने सहकारी प्रा. इट्टूप यांच्या प्रात्यक्षिकांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती छपाईला निघाली आहे आणि तीत गोगलगाईचे शिंग पुन्हा उलटेच छापले जाणार, हे कळल्यामुळे मला हे मृत्युपत्र आजच करावे लागत आहे. मी, त्रेस्याम्मा उलहन्नान, वय ७९, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार पाला, जिल्हा कोट्टयम. बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल कायदा विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तशी हिंमत अजून कोणी केलेली नाही.

१. घर व रबराची झाडे भाचा कुरियाच्चन याला. मागच्या ओळीत विष टाकायचे नाही. तिथल्या बिनशंखाच्या गोगलगायी रबराचा चीक पितात. "अम्मायी, त्या माझी कमाई पितात!" असे तो ओरडतो. पिऊ देत. माझे सगळे काम त्यांच्याच शिंगांवर झाले.

२. बँकेतील ठेव महाविद्यालयाला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या काचपट्ट्यांसाठी कोरडे कपाट घ्यायला. आमच्याकडची बुरशी काचसुद्धा सोडत नाही. माझ्या फोटोवर त्यातला पैसा घालू नये.

३. सूक्ष्मदर्शक व छेद कापायचे यंत्र माझी विद्यार्थिनी डॉ. शोशाम्मा हिला. पात्याला कोणी हात लावला की ती माझ्यासारखीच भडकते.

४. वरच्या शिंगाच्या उभ्या छेदाची, चांदीच्या द्रावणाने रंगवलेली काचपट्टी प्रा. इट्टूप यांना. शिंगाच्या टोकाशी चेतापेशींचा पुंजका असतो. त्याला बोटांसारख्या शाखा फुटतात. त्यांतले बारीक तंतू कातडीच्या पेशींमधून वाट काढत पृष्ठभागावर येतात. वास तिथे कळतो. सरांनी गोगलगाय जिवंतच फॉर्मालिनमध्ये टाकली. घाबरली की ती शिंग मोज्यासारखे आत ओढते, बाहेरची कातडी आत जाते. सरांना तंतूंची टोके पोकळीत उघडलेली दिसली आणि तसेच चित्र काढले. म्हणजे गोगलगाय स्वतःचेच पोट हुंगते! उकळून गार केलेल्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बरणीत तिला झाकून ठेवा, हवा न मिळाल्याने ती शिंगे बाहेर ठेवूनच मरते, हे मी तेव्हाच सांगितले होते. "टीचर, तुमच्या गोगलगायी निर्लज्ज आहेत," असे उत्तर मिळाले. दोन पिढ्या उलटे शिंग पाठ करून पास झाल्या.

सहीच्या वेळी सर स्वतःच हजर झाले. कलम ऐकून म्हणाले, "मी साक्षीदार होतो, टीचर. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कायदा आहे!"

"सर, किती पळाल?"

"पळतोय कुठे? सही करतोय."

म्हणून कलम ४ मी सहीआधी खोडले आहे. काचपट्टी जिवंतपणीच दिली. त्याला कायद्याची आडकाठी नाही.

सही: त्रेस्याम्मा उलहन्नान
साक्षीदार: सी. जे. इट्टूप, पोन्नम्मा चाक्को (शेजारीण)
पाला, १४ जुलै २००९

हाती दिल्याची नोंद, सरांच्या अक्षरात:
काचपट्टी एक, मिळाली. टीचरच्याच टेबलावर पाहिली. दोनदा. टोके बाहेर आहेत. छपाई थांबवायला फोन केला. — इट्टूप