बोटीवरची ओळख

श्रूजबरी, रविवार

ती. नाना,

हे पत्र टाकायचं धाडस माझ्याच्याने होणार नाही, तरी लिहितोय.

जुलैत आपण मोतीला घेऊन इथल्या केप कॉडच्या किनाऱ्याजवळच्या छोट्या बेटावर गेलो, त्या दिवसाबद्दल तुम्ही वाईला परतल्यावरही कधी बोलला नाहीत. बोटीवर माझी बॉस भेटली. तुम्ही मागे समुद्राच्या वाऱ्यामुळे मफलर गुंडाळून, मोतीचा पट्टा धरून उभे होता, त्याला पोळी भरवत. ती मला म्हणाली, "बरं केलंस, कुत्रा सांभाळायला माणूस आणलास." मी नुसता हसलो. हे माझे वडील, एवढंच म्हणायचं होतं. नंतर सांगू म्हटलं, आणि नंतर ते आणखीच अवघड होत गेलं.

तुम्हाला ऐकू गेलं नसेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो. पण बेटावर ती आपल्याबरोबर बसली, तेव्हा मोतीला सावली हवी म्हणून तुम्ही लांब झाडाखाली गेलात. डबाही तिथेच खाल्लात. परतताना तिने तुम्हाला कुत्र्याचं नाव विचारलं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेले तुम्ही, मान खाली घालून म्हणालात, "मोती, मॅडम."

मला खोटं पडू दिलं नाहीत.

आता दर रविवारी फोनवर तुम्ही आधी मोतीची चौकशी करता. मी फोन स्पीकरवर टाकतो. आजही तुमचा आवाज ऐकताच तो दाराकडे धावला आणि भुंकून त्याने घर डोक्यावर घेतलं. तुमची ओळख सांगायला त्याला लाज वाटत नाही.

तुमचा
यशोधन