जांघेतली नाडी

१२ नोव्हेंबर
आजही "हाय!"

नचिकेत अडीच महिन्यांचा झाला. बाराव्या दिवशी त्याची हृदयातून पायाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद म्हणून कापून जोडली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं — ती पुन्हा आवळू शकते. रोज अंघोळीनंतर, अंग गरम असताना, जांघेत बोट ठेवून नाडी बघा; लागली नाही तर लगेच घेऊन या.

आमच्याकडे बाळाची अंघोळ म्हणजे सासूबाईंचं राज्य. त्या पाय पसरून बसल्या की मला मोरीजवळ फिरकू देत नाहीत. म्हणून नाडीही त्यांच्याकडेच! त्या आतून ओरडतात "हाय!" आणि मी वहीत बरोबरची खूण करते. शाळेतली हजेरीच.

१६ नोव्हेंबर
दूध पिताना दमतो. कपाळाला घाम. सासूबाई म्हणतात, "लेकरू लय जोर लावून पियायलंय, म्हनून." वहीत खूण आहे, मग मी कशाला घाबरतेय?

१७ नोव्हेंबर
सासूबाई देवळात गेल्या होत्या. मीच बोट ठेवलं. काही नाही. दुसऱ्या बाजूला — नाही. हाताची नाडी जोरात उडतेय आणि पाय गार!

आल्यावर विचारलं. खाली बघत म्हणाल्या, "आठ दिस झाले, लागत न्हाई. सांगितलं असतं तर पुन्हा चिरलं असतं माझ्या लेकराला."

आठ दिवस! आठ खोट्या खुणा, त्याही माझ्या हाताने. मी एवढी ओरडले की पियुष अंगणातून धावत आला. बायको आणि आई, कुणाकडे बघावं त्याला कळेना. सासूबाईंशी बोलायचंच नाही आता.

१८ नोव्हेंबर, संभाजीनगर
सकाळच्या गाडीने सेलूहून सगळेच आलो. हाता-पायाच्या बीपीत चाळीसचा फरक. जोडलं होतं तिथेच आवळलंय. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. चिरायची गरज नाही. जांघेतून बारीक नळी घालू, तिच्या टोकाचा फुगा अरुंद जागी फुगवू आणि काढून घेऊ."

सासूबाईंनी तीनदा विचारलं, "छातीला हात न्हाई ना लावनार?" मग बाकावर बसून ढसाढसा रडल्या. ज्याच्या भीतीने आठ दिवस लपवलं, ते करायचंच नव्हतं! मेला राग, टिकेचना. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

२० नोव्हेंबर
झालं! फरक चाळीसवरून सहावर. तपासण्या वर्षानुवर्षं राहतील, परत आवळूही शकते — सगळं ऐकून घेतलं. पण पाय कोमट आहेत! डॉक्टरांनी सासूबाईंचं बोट धरून नाडीवर ठेवलं. "उडायलीय! उडायलीय!" अख्खा वॉर्ड हसला.

२ डिसेंबर
पोटभर पितो, आणि मग माझ्याकडे बघून हसतो, लबाड. घरात नवा कायदा: नाडी दोघींच्या बोटांना लागल्याशिवाय खूण नाही. सासूबाईंनी मुकाट्याने मानलाय.

उद्या त्या मानवतला जातायत. नणंदेला, निकिताला, दुसरी मुलगी झाली. न्हाऊ घालायला आईच हवी म्हणते.

५ डिसेंबर
सकाळी सासूबाईंचा फोन. "निकिताच्या पोरीची जांघंतली नाडी लागत न्हाई मला. दोन्हीकडं बघितलं. तुज्या डॉक्टरला फोन कर, आमी गाडीत बसलोत."